लोणारची मावसबहीण

आमच्या घरात सहल ठरवायला सगळे बसतात, फक्त जिला जायचंय तिला कोणी विचारत नाही. ती आत चहा करत असते. मागच्या हिवाळ्यात लोणार, दौलताबाद, वेरूळ, अजिंठा असा बेत निघाला तेव्हाही आई आतच होती. बेत मात्र तिच्याच नावावर चालला होता. माझा दादा गावभर सांगत होता, "आईला एकदा फिरवून आणायचंय." जसं काही आई म्हणजे दुरुस्तीला न्यायची शिलाई मशीन.

आईला लेण्यांचं फारसं पडलेलं नव्हतं. तिला लोणार बघायचं होतं. ती चौथीपर्यंत शिकली, आणि त्या चौथीत गुरुजींनी फळ्यावर मोठा गोल काढून सांगितलं होतं, की आभाळातून दगड पडला, एवढा खड्डा झाला आणि त्यात आता तळं आहे. तो गोल तिच्या डोक्यातून कधी गेलाच नाही. पुढे आयुष्यभर ती गाडीत बसली ती लग्नाला, बारशाला, मयतीला नाहीतर देवाला. आता गुडघे गेलेत. डॉक्टर म्हणाले, जायचं तिथं यंदाच जाऊन या, पुढचं सांगता येत नाही. हे ती मला सांगते, कारण माझी नोकरी हिंगोलीत आणि ती माझ्याजवळ राहते. दादाला तिने एकदाच सांगून पाहिलं. दादा म्हणाला, "खड्डा बघायला इतक्या लांब काहून जायचं? आपल्या कॉलनीच्या रस्त्याला कमी हायेत का?" आणि स्वतःच हसला. स्वतःच्या विनोदावर पहिलं हसण्याचा मान दादा दुसऱ्याला मिळू देत नाही.

तर एका रविवारी माझ्या घरी बैठक बसली. गाडी ताईच्या नवऱ्याची, म्हणजे दाजींची. वारंगा फाट्यावर त्यांचं टायरचं दुकान आहे. गाडी त्यांची म्हणून पहिला शब्द त्यांचा. दाजी मांडी घालून म्हणाले, "आधी औंढ्याला जाऊ. नागनाथाचं दर्शन घेतल्याबिगर मी गाडी लांबच्या रस्त्याला लावत न्हाई."

मी म्हटलं, "दाजी, औंढा खाली, लोणार वर. आपण उलट्या तोंडाने निघणार का?"

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी देवालाच नावं ठेवली. मग दादाला आठवलं, की औंढ्यापर्यंत गेलोच तर सिद्धेश्वर तिथून काय लांब, आणि सिद्धेश्वरला त्याची चुलतसासू. तिथं चहा. चहा म्हणजे जेवण. जेवून परत हिंगोलीतून वर जायचं. म्हणजे सकाळी वाजतगाजत निघालेले आम्ही दुपारी आमच्याच दारावरून जाणार होतो. दाजी म्हणाले, बरंच झालं, काही विसरलं असेल तर घेता येईल.

आमच्याकडचा नियमच असा. ज्या गावावरून गाडी जाते तिथं आपलं माणूस असेल तर थांबायचं म्हणजे थांबायचं. घाईत आहोत म्हटलं तर पाहुणे चहाचं भांडं उतरवून भाताचं चढवतात. न थांबता गेलात आणि फाट्यावरच्या एखाद्याने गाडी ओळखली, की संपलं. पुढच्या लग्नात लोक तुमच्याकडे पाठ करून जेवतात. त्यामुळे आमची मंडळी सहल आखताना रस्ता बघतच नाहीत, पाहुणे बघतात. दौलताबादचा किल्ला एवढी शतकं उभा आहे, पण तिथं आमचं कोणी राहत नाही, म्हणून त्याला वेळ मिळाला उरलासुरला. अजिंठ्याच्या वाटेवरही कोणी नाही, म्हणून अजिंठा तर चर्चेविनाच गेला.

मग वैनीने तोंड उघडलं. तिचं माहेर कनेरगाव नाक्याला. "माझ्या आईच्या दारावरून गाडी जाणार अन् आमी मुक्काम करणार न्हाई? मला तोंड दाखवायला जागा राहील का?" कनेरगाव इथून इतकं जवळ, की वैनीची आई डब्यात कढी पाठवते ती गरम पोचते. तिथं पहिला मुक्काम पडला. मी म्हटलं, मग मी रात्री घरी येऊन झोपते अन् सकाळी परत येते, बराबर हाय ना? कोणी हसलं नाही. आमच्या घरात विनोद फक्त दादाचे.

त्यावर दाजींनी जालना काढलं. त्यांच्या चुलतभावाने नवं घर बांधलं, वास्तुशांतीला जाता आलं नव्हतं, आता दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण तिथं. दादाने मोबाइलवर बोट फिरवलं, ओठ चावले, आणि सरकारी साहेबाच्या थाटात म्हणाला, "मग लोणार कटवावं लागंल. तिकडं वळलं तर दुपारी जालन्याला जेवायला पोचणं होत न्हाई. लोणार काय, परत कधीपण होईल."

माझ्या अंगाची लाही झाली. ज्या एका गोष्टीसाठी हा तमाशा मांडला होता तीच यांनी भाजीतल्या काडीसारखी काढून टाकली. आणि लगेच पुढचा विषय निघाला, आईने सगळ्यांसाठी धपाटी किती करून घ्यायची आणि प्रत्येक पाहुणीची ओटी भरायला ब्लाउजपीस कुठून आणायचे. आईला फिरवायला न्यायचं होतं ना? तिने आदल्या दिवशी धपाटी थापायची, गाडीत ब्लाउजपीसचं गाठोडं मांडीवर धरायचं आणि घराघरांत आतल्या खोलीत बसून कोणाचं बाळंतपण कसं झालं ते ऐकायचं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

"लोणारला माझी मावसबहीण हाय," ती म्हणाली.

दाजींनी कप उचलता उचलता खाली ठेवला.

"कोण मावसबहीण?" दादाने विचारलं.

"तुझ्या लक्षात न्हाई. लई जुनं नातं हाय. एवढ्या जवळून जायचं अन् तिच्याकडं थांबायचं न्हाई, हे बरं दिसतं का? तुमीच सांगा, जावईबापू."

जावईबापूंनी मान डोलावली. "न्हाई मामी, थांबावंच लागंल. त्यांना काय वाटंल?"

"आधी काहून सांगितलं न्हाईस?" दादा म्हणाला.

"तुमी विचारलं न्हाई."

ही बहीण मी जन्मात ऐकली नव्हती. पण आमच्या गोतावळ्यात दर लग्नाला एखादा नवा मामा उगवतो आणि आम्ही मुकाट पाया पडतो, त्यामुळे कोणी जास्त खोदलं नाही. दोन मिनिटांत लोणार परत बेतात बसलं. जालन्याचं जेवण दुपारवरून रात्रीवर गेलं. आभाळातून पडलेल्या दगडाला जे जमलं नाही ते एका बहिणीला जमलं. वैनीने विचारलं, साधा ब्लाउजपीस ठेवू का भारीतला? आई म्हणाली, "भारीतला ठेव. पहिल्यांदा चालले."

निघालो. औंढा झालं, सिद्धेश्वरला भरपेट जेवण झालं, दुपारी आमच्या दारावरून गेलो आणि दाजींनी खरंच गाडी थांबवून चार्जर घेतला. कनेरगावला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी लोणारला पोचलो. गावात शिरताच दादा विचारायला लागला, "आई, कोणत्या गल्लीत?" आई म्हणत होती, पुढं घे, अजून पुढं. करता करता गाडी सरोवराच्या काठाशी येऊन थांबली. पुढं रस्ताच नव्हता.

आई उतरली. माझा हात तिने धरला नाही. गुडघे दाबत दाबत कठड्यापर्यंत गेली आणि उभी राहिली. खाली झाडांच्या हिरव्या कड्यात पाणी होतं, आणि सगळं खरंच गोल होतं, फळ्यावर काढल्यासारखं. तिचे हात सवयीने जोडायला निघाले. मग ते तिने मागे नेले आणि एकमेकांत अडकवून, बाबा शेताच्या बांधावर उभे राहायचे तशी, नुसती बघत राहिली.

मागून दादा नारळ आणि ब्लाउजपीसची पिशवी घेऊन आला. "आई, मावशीचं घर कुठंय? वाट बघून राहिल्या असतील त्या."

"कोणी वाट बघत न्हाई," आई मागे न वळता म्हणाली. "इथं आपलं कोणीच न्हाई. म्हणून तर यायचं होतं."

दादा नारळ धरून तसाच उभा. दाजी घड्याळ बघायला लागले. वैनीने विचारलं, मग जेवायचं कुठं? आईने पिशवीतून तो भारीतला ब्लाउजपीस काढला, कठड्याजवळच्या दगडावर पसरला आणि त्यावर बसली.

"धपाटी गाडीत हायेत," ती म्हणाली. "घ्या वाढून तुमचे तुमी."

डबा कोणत्या पिशवीत आहे ते दादाला माहीत नव्हतं, आणि आईने सांगितलं नाही.