आत्याच्या हाडाचं ठिगळ

आत्याने मांडीतलं हाड विकून नवं शिलाई मशीन घेतलं, अशी बातमी इमारतभर पसरली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तर हात पसरून सांगत, "अहो, एवढं मोठं!" भाचीने त्यांची हुबेहूब नक्कल केली, तेव्हा आत्या हसता हसता पलंगावर आडवी झाली आणि लगेच कळवळली.

कारण मशीन जुनंच होतं आणि हाडही अजून आत्याच्याच अंगात होतं. खुब्याचा सांधा बदलायचा होता. त्यात मांडीच्या हाडाचा काढलेला गोळा एरवी टाकूनच देतात. पण या हॉस्पिटलात हाडांची बँक होती. तिथे तो गोठवून ठेवत आणि कुणाच्या हाडात पोकळी पडली की भरायला वापरत. पैशांचा संबंधच नव्हता. आत्याने हे ऐकलं मात्र, म्हणाली, "जन्मभर शिवणकाम केलं, चिंधीसुद्धा फेकली नाही. मग हाड कचऱ्यात टाकू? होऊ दे कुणाला तरी ठिगळ."

त्यासाठी रक्त तपासलं. साथ चालू होती, म्हणून नव्या विषाणूच्या अँटीबॉडीही बघितल्या. भाचीला त्याची चिंता नव्हती. विषाणू आलाच असता, तर आत्याने त्यालाही दारात आंघोळ घातली असती!

आणि बँकेच्या बाईंचा फोन आला. "अँटीबॉडी सापडल्यात. म्हणजे तुम्हाला लागण होऊन गेली आहे. नाकातल्या नमुन्याचा रिपोर्ट आला की हाड घ्यायचं का ते उद्या सांगते."

भाचीचे बाबा, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, स्पीकरवरच्या फोनकडे वाकले. "ताईला? अहो, दूध घेऊन आलो तरी हिने मला दारात घासून काढलंय! नाण्यांना साबण, भाजीला साबण! रक्ताची नळी बदलली असेल कुणाची तरी."

"नाही रे बदलली," आत्या खाली बघत म्हणाली. "मागे कोटाची बाही जाळली होती, आठवतं? वासच येत नव्हता मला."

आठवत कसं नाही! इस्त्रीखालून धूर निघत होता, वास जिन्यापर्यंत गेला होता आणि आत्या शेजारीच गाणं गुणगुणत उभी होती. त्याच संध्याकाळी 'मास्कची मोठी ऑर्डर आहे, आत यायचं नाही' म्हणत तिने शिवणाच्या खोलीची कडी लावली. ताट दाराबाहेर. आतून दिवसभर मशीनची खडखड.

"म्हणजे ती ऑर्डर..." भाचीने शिवणाच्या खोलीकडे पाहिलं.

"कसली ऑर्डर! रिकामंच चालवत होते. तुम्हाला ऐकू यावं म्हणून."

या घरातला प्रत्येक आवाज भाचीला पाठ होता. पण त्या खडखडीत कापड नव्हतं, हे तिला कळलं नव्हतं.

"आणि आत मरून पडली असतीस तर?" बाबा ओरडले.

"तर हाड फुकट गेलं असतं," आत्या म्हणाली. मग तिचा आवाज बारीक झाला. "आता घेतील ना रे माझं?"

"नाही घेणार," भाची फुरंगटून म्हणाली. "लाव पैज."

"लावली! हरलीस तर मी बिनकाठीची चालेपर्यंत कुणाची नक्कल करायची नाही. माझी तर मुळीच नाही."

दुसऱ्या दिवशी फोन आला. नाकातला नमुना स्वच्छ होता. अँटीबॉडी जुन्या लढाईच्या खुणा, त्यांची अडचण नव्हती. हाड घेणार होते.

ऑपरेशननंतर आत्या काठी टेकत, बदकासारखी डुलत खोलीभर फिरू लागली. नकलेला अशी चाल जन्मात एकदाच मिळते! भाची ओठ घट्ट मिटून भिंतीला टेकली होती.

"आत्या, लवकर बरी हो गं," ती स्वतःच्या, अगदी साध्या आवाजात म्हणाली.

आत्याने मुद्दामच पुढचं पाऊल आणखी सावकाश टाकलं.