आधी छप्पर

शिलाई मशीन उघडावं तर मिस्त्रींनीच. चादरीचा तुकडा अंथरायचा, झाकण काढून पहिल्या जागी ठेवायचं, मग स्क्रू, मग शटल, निघेल तसं ओळीनं. जोडताना बरोब्बर उलटं. शेवटी निघालं ते आधी बसवायचं आणि झाकण सगळ्यात शेवटी. चाळीस वर्षांत एक स्क्रू उरला नाही की कमी पडला नाही, आणि हे ते भेटेल त्याला ऐकवत. समोरचा जांभया देऊ लागला तरी.

असा माणूस साठी उलटल्यावर चिनी लिपीच्या नादी लागला, तो नातीपायी. मुलानं चीनमध्ये नोकरी धरली, लग्नही तिकडच्याच मुलीशी केलं. गेल्या सुट्टीत तिघं पंधरा दिवस राहून गेली, पण सात वर्षांची ती पोरगी आजोबांशी एक शब्द बोलेल तर शपथ. मराठी तिला सगळं कळायचं, बोलायची वेळ आली की आईच्या पाठीमागे. मिस्त्रींनी वरवर हसण्यावारी नेलं, पण ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. यंदा तिनं एकदा तरी आपल्याशी बोलावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मुलानं त्यांच्या फोनवर एक वेबसाइट लावून दिली. अक्षरावर बोट ठेवलं की ते सुटं व्हायचं, वरचा भाग वेगळा, आतला वेगळा, शेजारी प्रत्येकाचा अर्थ. मिस्त्री खूश. ही लिपी कसली, हे तर मशीन, म्हणाले. छपराखाली बाई काढली की शांतता, हे त्यांनी बायकोला मोठ्या कौतुकानं सांगितलं. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, की हे शोधून काढणाऱ्याचं लग्न झालेलं नसणार. मग छपराखाली डुक्कर म्हणजे घर, हेही त्यांनी सांगून टाकलं. त्यावर तिनं त्यांच्याकडे एकदा नखशिखांत बघितलं.

कोणती रेघ आधी काढायची, ते दाखवणारं बटणही त्या वेबसाइटवर होतं. मिस्त्रींनी ते एकदाही दाबलं नाही. जोडणी आता फोन शिकवणार होय मला! सहा महिने वह्यांवर वह्या भरल्या. आधी आतलं डुक्कर, त्यावर शेवटी छप्पर. अक्षर छापल्यासारखं दिसायचं.

नात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीचा हात धरून मिस्त्रींच्या दुरुस्तीच्या दुकानात आली आणि आजीला चिकटून उभी राहिली. मिस्त्रींनी कपड्यावर खुणा करायचा खडू घेतला आणि लाकडी टेबलावर ‘घर’ काढायला घेतलं. डुकराचा एकेक पाय मन लावून काढला, वर छप्पर टेकवलं. पोरगी डोळे विस्फारून बघत होती. मग जी हसायला लागली, ती हसता हसता खालीच बसली.

मिस्त्रींचे कान तापले. सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली म्हणून त्यांनी पुसायला फडकं उचललं. तेवढ्यात तिनं त्यांचं मनगट धरलं, खडू काढून घेतला.

“आजोबा, आधी छप्पर,” ती म्हणाली. “नाहीतर डुक्कर भिजेल.”

मिस्त्रींना एकदम तेलाची कुपी शोधायची आठवण झाली. बराच वेळ ते पाठमोरे होते. मग वळून त्यांनी झाकण शेवटीच बसवतात असा वाद घातला, आणि पोरगी कंबर कसून भांडली.

तेव्हापासून ती रोज दुकानात हजर. मिस्त्री रोज तेच चुकायचे आणि ती कपाळाला हात लावायची. दहाव्या दिवशी तिचे रागावायचे शब्द संपले, तेव्हा आजीकडून चार नवीन शिकून आली. आजीकडे साठा भरपूर होता.

जायच्या आदल्या दिवशी बायको चहा घेऊन दुकानात आली. मिस्त्री एकटेच एका नव्या वहीत लिहीत होते. आधी नुसतं छप्पर, शेजारी छपराखाली डुक्कर, असं पानभर, एकही चूक नाही. तिनं पानं मागं उलटली, सगळीकडे तसंच. पहिल्या पानावर तारीख होती, नात प्रथम दुकानात आली त्याच दिवसाची.

“अहो, हे तर तुम्हाला पहिल्या दिवसापासून येतंय.”

“हळू बोल,” मिस्त्री म्हणाले. “ती मागे हात धुतेय.”

नात हात पुसत आली आणि टेबलाकडे बोट दाखवून ‘घर’ काढा म्हणाली. मिस्त्रींनी वही बाजूला सारली, खडू उचलला आणि डुकराच्या पायापासून सुरुवात केली.