वाहत्या पाण्याची अट

सौदीतल्या यान्बू बंदराच्या भारतीय शाळेत मी भूगोल शिकवत होतो, त्या वर्षांत इराकमध्ये युद्ध सुरू होते. तिथून आलेला एक घड्याळजी रोज संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून धक्क्यावर बसलेला दिसे. तो मँडियन होता. त्या लहानशा पंथात मुलांना वाहत्या नदीत संस्काराचे स्नान घालतात. त्याच्या तीन वर्षांच्या मुलीचे ते राहून गेले होते. सौदीत नदी नाही, आणि इराकमधल्या त्याच्या गावच्या नदीकाठी त्याच्या भावाला धर्मावरून ठार मारले होते.

"समोर एवढा समुद्र आहे की!" मी म्हणालो.

भिंगाच्या सवयीने एक डोळा बारीक करून तो म्हणाला, "उस्ताद, समुद्र जातो आणि परत येतो. आम्हाला पुढे जाणारे पाणी लागते."

"मग सुट्टीत माझ्या गावच्या नदीचे बाटलीभर आणतो."

तो हसला. "भूगोल शिकवता ना? बाटलीत नदी वाहते का?" मग हळूच मुलीचे नाव सांगून म्हणाला, "फक्त तिचे नाव त्या नदीत घ्या."

सुट्टीत गुडघाभर पाण्यात उभा राहून मी ते नाव मोठ्याने घेतले. नदी संथपणे पुढे जात राहिली. बापाचेही घ्यावेसे वाटले. पण ते मी कधी विचारलेच नव्हते.