नदीवरच्या अक्का

श्रीनिवासचं नाव फोनवर दिसलं तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये संध्याकाळचा चहा घेत होते. फोन उचलायच्या आधीच मला कळलं होतं. आमचा घटस्फोट झाल्यापासून त्यानं मला एकदाही फोन केला नव्हता, आणि करायला एकच कारण आता उरलं होतं. "अक्का गेली," तो म्हणाला. दुपारी जेवून आडवी झाली, चहाला उठवायला गेलो तर... अक्का म्हणजे त्याची आई, माझ्या एके काळच्या सासूबाई. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण 'एके काळच्या' असं लिहिताना अजून अडखळायला होतं. सासू-सून म्हणून आम्ही जेमतेम चार वर्षं राहिलो. त्यानंतर आमच्यात जे होतं ते त्याहून कितीतरी जास्त काळ टिकलं, आणि त्याला काय म्हणायचं ते मला आजही नीट माहीत नाही.

मी नागपूरची. नोकरीसाठी बंगळूरला आले आणि लग्न करून मल्लेश्वरमच्या त्या घरात गेले. हे घराणं काही शतकांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं की पहिले काही महिने मी नुसतीच हसून मान हलवायचे. घरातले सगळे, अगदी श्रीनिवाससुद्धा, सासूबाईंना अक्काच म्हणायचे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, तरुणपणीच नवरा गेलेला, आणि नातेवाइकांची घरं सोडून आयुष्यात कुठेही मुक्काम न केलेल्या. पक्षी बघायचा नाद माझा होता. श्रीनिवासनं हौसेनं दुर्बीण आणली होती, पण दोन रविवारांत त्याला कंटाळा आला. मग एका डिसेंबरात मी कावेरीच्या घळीतल्या जंगलात दोन दिवस राहायचं ठरवलं, आणि कुणाला अपेक्षा नसताना अक्का म्हणाल्या, मीपण येती.

त्या पहाटेसाठीच खरं तर मी हे लिहायला बसले आहे. श्रीनिवास तंबूत झोपला होता. आदल्या रात्रीच आमचं कशावरून तरी वाजलं होतं, तेव्हा ते नेहमीचंच झालं होतं. मी एकटीच नदीकडे निघाले तर मागून कॅनव्हासच्या बुटांचा आवाज आला, अक्का होत्या. सुती साडी, त्यावर मुलाचा जुना स्वेटर, डोक्याला मफलर. दोन्ही बाजूंनी डोंगर उतरत आलेले, मधे नदी, पण नदी दिसत नव्हतीच, धुकं तेवढं वाहत होतं. त्या धुक्यातून अर्जुनाच्या झाडांचे पांढुरके बुंधे वर येत होते, जणू त्यांची मुळं पाण्यात नसून ढगात असावीत. आम्ही एका खडकावर बसलो. किती वेळ गेला कोण जाणे... मग समोरच्या फांदीचा एक तुकडा वळला आणि त्याला दोन पिवळे डोळे फुटले. मासे खाणारं मोठं घुबड. मी दुर्बीण अक्कांकडे सरकवली, पण त्यांनी ती घेतली नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या आणि ते त्यांच्याकडे. धुकं मधून जायचं, ते पुसलं जायचं, पुन्हा उमटायचं. उन्हाची पहिली तिरीप आली तेव्हा फांदी रिकामी होती. परतताना अक्का एवढंच म्हणाल्या, की इतक्या वर्षांत कुणी आपल्याकडे असं काही न मागता बघितलं नव्हतं.

पुढे दोनेक वर्षांत आमचं मोडलं. ते का, हे सांगायची ही जागा नाही. मी के. आर. पुरमला एक छोटं घर भाड्यानं घेतलं. मी सामान बांधत होते त्या दिवशी अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत, आणि मी धरून चालले की इथलं सगळंच संपलं. तो पावसाळा मी कसा काढला ते आता आठवत नाही. थंडी पडायला लागली आणि एका शुक्रवारी त्यांचा फोन आला. उद्या नदीवर जायचं म्हणती, येतीस का? मीच कशाला, असं काहीतरी विचारलं असावं. त्यावर त्या म्हणाल्या, गाडी तू बरी चालवतीस.

तेव्हापासून आमचा परिपाठ ठरून गेला. मी मल्लेश्वरमला यायचं नाही, हे न बोलताच ठरलं. पहाटेच्या पहिल्या मेट्रोनं त्या बनशंकरीला यायच्या आणि स्टेशनच्या पायऱ्यांपाशी इडल्यांचा डबा मांडीवर घेऊन बसायच्या. मी गाडी लावली की दार उघडून म्हणायच्या, सरी, चल. 'सरी' म्हणजे ठीक. कनकपुरा मागे पडेपर्यंत त्या डुलक्या घ्यायच्या. श्रीनिवासचं नाव त्यांनी कधी काढलं नाही, मीही नाही. जंगलातल्या कॅम्पवरचा वाटाड्या आम्हाला ओळखायचा. तिघं गेलो होतो त्या पहिल्या खेपेला त्यानं मी कोण म्हणून विचारलं होतं तेव्हा अक्का 'सोसे', म्हणजे सून, म्हणाल्या होत्या. मधल्या काळातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. आम्ही दोघीच पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यानं कन्नडमध्ये सहज विचारलं, सून आली, मुलगा नाही आला? मी बुटाची नाडी बांधायला वाकले. अक्का म्हणाल्या, "सोसे अल्ला. जोतेगे बरोळु." सून नाही. माझ्याबरोबर येणारी.

हे सगळं सुखासुखी चाललं असं मात्र नाही. नात्यातल्या बायका बोलायला लागल्या. सोडून गेलेल्या सुनेबरोबर ही बाई रानोमाळ हिंडते, उद्या मुलाचं दुसरं कुठे जमायचं कसं? एक दिवस श्रीनिवासनंही त्यांना सांगितलं की हे आता बंद कर, मला त्रास होतो. हे मला अक्कांनीच सांगितलं, नदीकाठी, इडली खाता खाता. मी म्हटलं, त्याचं बरोबर आहे अक्का, आपण थांबू या. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पाण्यात हात धुतले, साडीला पुसले.

"मी त्याला सांगितलं," त्या म्हणाल्या, "तुमचं मोडलं ते तुमचं. माझं कुठं मोडलंय?"

त्यानंतर श्रीनिवास काही म्हणाला नाही. पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा डब्यात चटणीचा वेगळा कप्पा होता. तो त्यानंच आणून दिला, असं त्यांनी जाता जाता सांगितलं.

यंदाच्या हिवाळ्यात त्यांचे गुडघे साथ देईनात. खडकांवरून उतरणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही हरिगोल केला. वेताची गोल टोपली असते तशी ती होडी. नावाडी वल्हवायचा थांबला की पाण्यावर हळूहळू गिरकी घेत राहते. डोंगर, झाडं, आभाळ, पुन्हा डोंगर... सगळं आमच्याभोवती सावकाश फिरत होतं. अक्का माझ्या खांद्याला टेकल्या आणि झोपून गेल्या. तेवढ्यात मधल्या खडकावरून मत्स्यगरुड उठला. पंखांचे जड फटकारे हवेला देत तो अगदी आमच्या डोक्यावरून गेला, त्याची सावली त्यांच्या चेहऱ्यावरून सरकली. उठवावं की नाही या विचारात मी तशीच बसून राहिले. काठाला लागल्यावर त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, आवाज आला मला, मी स्वप्नात नदीवरच होते. ती आमची शेवटची खेप.

तेराव्याला श्रीनिवासनं मला बोलावलं. इतक्या वर्षांनी मी त्या घरात शिरले. जेवणाची पानं मांडली जात होती, काही चेहरे वळले, काही वळले नाहीत. श्रीनिवास मला सरळ अक्कांच्या खोलीत घेऊन गेला. मागच्या खिडकीशी वेताची एक खुर्ची होती, खोलीकडे पाठ केलेली. खिडकीबाहेर शेजाऱ्यांची भिंत आणि लिंबाचं झाड, बस. रोज सकाळी इथं बसायची, तो म्हणाला, मला वाटायचं जप करते. मी बसले. बराच वेळ नुसती पानं होती. मग त्यातली दोन पानं एकमेकांना शिवलेली दिसली, आणि त्यांच्या आत काहीतरी हललं. शिंपी पक्ष्याचं घरटं. मी उठून श्रीनिवासला खुर्चीत बसवलं आणि कुठे बघायचं ते दाखवलं. त्याला दिसेना. तो उठेल असं मला वाटलं, पण तो जरा पुढे वाकला, गुडघ्यांवर कोपरं टेकवून. बाहेरून कुणीतरी जेवायला हाका मारत आलं, दार ढकललं गेलं. श्रीनिवासनं खिडकीवरची नजर न काढता हात वर केला, आवाज करू नका म्हणून.