पानी पिऊन जा, लेकरा

सुदर्शनचा 'ण' फार चांगला. लातुरातल्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात तो मराठी शिकवतो, तिथली पोरं त्याच्यामागे नक्कल करतात तीही या 'ण'चीच. हा 'ण' काही त्याला घरून मिळालेला नव्हता. कंधारजवळच्या खेड्यातून तो पुण्याला एम.ए. करायला गेला आणि पहिल्याच दिवशी खानावळीत त्यानं 'पानी' मागितलं. अख्खं टेबल हसलं. त्यानंतर दोन महिने हा माणूस पाण्यासाठी नुसती हातानं खूण करायचा. तिसऱ्या महिन्यात तोंड उघडलं ते थेट 'पाणी' म्हणत, आणि मग वीस वर्षांत जीभ कधी घसरली नाही.

कॉलेज सांभाळून तो परदेशी मालिकांचे मराठी संवाद लिहितो. मुंबईचा एक स्टुडिओ इंग्रजी संवाद पाठवतो, त्याचं मराठी करायचं. नुसतं मराठी करून भागत नाही. पडद्यावरच्या माणसाचे ओठ जिथं मिटतात, तिथं मराठी शब्दातही 'प' नाही तर 'म' यावा लागतो. सुदर्शनला हे छान जमतं.

गेल्या वर्षी त्याच्याकडे अमेरिकेतली घोडेस्वारांची मालिका आली. धूळ, बंदुका, महिनोन्‌महिने अंघोळ न केलेली माणसं. सज्जन कोण आणि दुर्जन कोण याचा पत्ता सहाव्या भागापर्यंत लागत नव्हता. स्टुडिओची सूचना एवढीच होती, की चोरांची टोळी जरा रांगडी वाटू द्या. सुदर्शननं छातीवर बिल्ला लावलेल्या शेरीफला आपली पुण्याहून आणलेली भाषा दिली आणि चोरांना आपल्या आईची.

आणि काय मजा आली त्याला लिहिताना! इतकी वर्षं कोंडलेले शब्द एकेक करून बाहेर येत होते. एकदाही शब्दकोश उघडावा लागला नाही. टोळीचा म्हातारा म्होरक्या समोरच्या माणसापुढे बाटली धरतो, काहीतरी म्हणतो आणि मग गोळी घालतो, असा एक प्रसंग होता. म्हणताना त्याचे ओठ दोनदा मिटत होते. सुदर्शननं तीनचार वाक्यं लावून पाहिली, एकही बसेना. मग त्याला उंबऱ्यात तांब्या घेऊन उभी असलेली आई दिसली.

साखराबाईच्या दारातून कोणी पाणी न पिता गेलेलं गावात कोणाला आठवत नाही. पोस्टमन असो, मोजणीला आलेला माणूस असो, बांधावरून भांडायला आलेला भाऊबंद असो. गावात दिवसाआड टँकर यायचा त्या उन्हाळ्यातही तिनं हे सोडलं नाही. माणूस उठला की ती म्हणायची, "पानी पिऊन जा, लेकरा." वाक्य त्या म्हाताऱ्याच्या ओठांवर असं चपखल बसलं, की सुदर्शननं स्वतःच्याच मांडीवर थाप मारली.

मालिका आली आणि त्या वाक्यानं धुमाकूळ घातला. लोकांनी ते स्टेटसला ठेवलं, कोणी त्याची रिंगटोन केली. 'चोरांची भाषा ऐकून पोट दुखेपर्यंत हसलो', 'असली गावठी भाषा कुठून शोधून आणता राव?' अशा प्रतिक्रियांचा पाऊस पडला. स्टाफरूममध्ये मनस्विनी मॅडम पर्स खांद्याला लावून निघाल्या, की सगळे एका सुरात म्हणायचे, "पानी पिऊन जा, लेकरा," आणि बोटांची बंदूक करायचे. सुदर्शन विनयानं मान खाली घालायचा, पण आतून फुलून यायचा.

हिमायतनगरच्या एका प्रेक्षकानं मात्र लिहिलं होतं, 'पोलीस पुण्याचा आन् चोर सगळे आमच्याकडचे, हे कसं वो सर?' सुदर्शननं त्याला उत्तर दिलं, 'कृपया कलाकृतीकडे कलाकृती म्हणून पाहावे.' ते उत्तर चाळीस जणांना आवडलं. स्वतः सुदर्शननं ते पाचसहा वेळा वाचलं.

मग दुसऱ्या पर्वाचं काम आलं. स्टुडिओला त्याच ढंगाची आणखी वाक्यं हवी होती, आणि सुदर्शनजवळची संपली होती. म्हणून एका रविवारी त्यानं खिशात छोटी डायरी टाकली आणि कंधारची बस धरली. चार महिन्यांनी आईला भेटायला निघालो, असं त्यानं बायकोला सांगितलं. खरं म्हणजे तो शब्द गोळा करायला निघाला होता.

घरी मोठा भाऊ श्रीमंत रानात गेलेला. त्याच्या मुलीनं, शिवांगीनं, दारातच बातमी दिली. "काका, आज्जीनं सगळे भाग बघितले माझ्या मोबाईलवर. पहिल्या दिवशी तर गल्लीतल्या बायका बोलावल्या होत्या. म्हणली, अमेरिकेची मानसं आपल्यावानी बोलायलेत, बाई."

साखराबाई ओसरीवर सुपात तूर निवडत होती. सुदर्शन शेजारी टेकला. डायरी खिशातच होती.

"कशी वाटली, माय?"

"चांगली हाय. घोडे लई चांगले हायेत." दोन खडे वेचून ती म्हणाली, "त्यो बिल्लेवाला तुझ्यावानी बोलतो."

सुदर्शन सुपातले खडे वेचू लागला.

"आन् माझ्यावानी बोलतेत ते चोऱ्या करतेत. शेवटाला समदे मरतेत. एक बी ऱ्हात न्हाई." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तुरीला यंदा शेंग कमी लागली, हे सांगावं तसं तिनं सांगितलं. मग त्याच्याकडे बघून हसली. "पर माझं बोलनं तुझ्या ध्यानात हाय की रे. मला वाटलं, इसरलास."

"माय, त्या जागी ओठ दोनदा मिटत होते, म्हणून…" एवढं बोलून सुदर्शन थांबला. आपलं बोलणं किती फुसकं आहे ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

तेवढ्यात शेजारच्या उमाबाई विरजणाला दही मागायला आल्या. वाटी घेऊन उठल्या, तशी साखराबाई सवयीनं म्हणाली, "पा…" आणि तिथंच अडली. तिनं चटकन सुदर्शनकडे पाहिलं.

उमाबाईंनी वाटीसकट दोन्ही हात वर केले. "पिते बाई, पर गोळी नको घालू."

शिवांगी खिदळली. साखराबाईही हसली, तोंडाला पदर लावून, पाहुण्यांत हसावं तशी.

उमाबाई गेल्यावर शिवांगी सहज म्हणाली, "सगळेच असं करतेत काका. म्हणून आज्जीनं म्हणायचंच सोडलंय."

पुण्याच्या त्या टेबलावर हसणारी आठ माणसं होती. आपण अख्खा महाराष्ट्र त्या टेबलाशी बसवला आणि पाणी मागायला आईला उभं केलं, हे सुदर्शनला लख्ख कळलं. त्याला स्वतःची शिसारी आली. दिवसभर आई मोजकंच बोलली, आणि बोलली त्यातलं एक अक्षरही त्यानं टिपलं नाही.

पाचच्या बससाठी तो उठला. साखराबाई तांब्या घेऊन उंबऱ्यात आली. तो थांबला. तिनं ते वाक्य म्हणावं म्हणून त्याचा जीव कासावीस झाला. तिनं जीभ वर वळवली आणि सावकाश म्हणाली, "पाणी पिऊन जा, सुदर्शन."

'ण' अगदी बिनचूक होता. या वयात तिनं तो कधी आणि किती वेळा एकटीनं घोकला असेल, कोण जाणे. फळ्यावरचं गणित सोडवून पोर मास्तरकडे बघतं तशी ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

तो घटाघटा प्यायला आणि तांब्या पुढे करून म्हणायला गेला, की अजून थोडं पानी दे, माय. पण लिहिताना सहज येणारा तो शब्द बोलताना आला नाही. जीभ वीस वर्षांच्या सवयीनं वर गेली आणि तोंडातून 'पाणी'च निघालं.

साखराबाईनं समाधानानं मान हलवली. तिला वाटलं, आपलं बरोबर आलं.