मंगळवारची अकराची बाई

आमच्या ह्यांना डेपोत सगळे घुम्या म्हणायचे. बत्तीस वर्षं बस चालवली, पण ज्या कंडक्टरनं ह्यांच्याबरोबर अकरा वर्षं काढली, त्यालाही ह्यांचा आवाज धड आठवत नसेल. घरीही तेच. "जेवायला वाढू?" "हं." "मुलाचा फोन आला होता." "हं." लग्न झालं तेव्हा वाटायचं, लाजतात. मग वाटायला लागलं, दमतात. पुढे मी वाटून घेणंच सोडलं आणि शिलाई मशीन घेतलं. ते निदान आवाज तरी करतं.

रिटायर झाल्यावर तर माणूस पार मिटला. पहाटे पाचला उठायचं, दाढी करायची, बूट घालायचे आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसून राहायचं. चार महिने झाले, तेव्हा दूर नोकरीला असलेल्या मुलानं काळजीनं एक सोय करून दिली. फोनवर समुपदेशन, व्हिडिओ कॉलनं. घरबसल्या बोलायचं, पलीकडे एक बाई ऐकून घेतात. मला हसूच आलं. म्हटलं, अरे, तुझ्या बापानं तोंडात मिठाची गुळणी धरलीय ती लग्नाच्या आधीपासून. ती बाई पहिल्याच दिवशी झोपी जाईल.

पहिला मंगळवार आला. अकराला हे आतल्या खोलीत गेले, दार लावलं. मी बाहेर मशीनवर शाळेच्या पँटी शिवत होते. थोड्या वेळानं आतून आवाज यायला लागला. ह्यांचा. सलग. मधेच हुंकार, मधेच हसल्यासारखं काहीतरी, आणि परत बोलणं. पन्नास मिनिटं. मी घड्याळाचा काटा पाहत होते.

खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला. घरची म्हणते देवा देवा अन् बाहेरचीला चोळी शिवा, ती गत. माझ्या वाट्याला आयुष्यभर हं, आणि ह्या कोण कुठल्या बाईशी भरभरून बोलणं. बाहेर आल्यावर विचारलं, "काय एवढं बोलत होतात?" म्हणाले, "काही नाही." दोन शब्द. मला दोन शब्द.

पुढच्या मंगळवारी मी मशीन थांबवून कान दिला. तशी आत एकदम शांतता. मशीन चालू केलं, बोलणं चालू. थांबवलं, बंद. तीन वेळा करून पाहिलं. माणूस अर्धं आयुष्य इंजिनाच्या आवाजावर गाडीची तब्येत ओळखत आलेला; मशीन थांबलं की बायको ऐकतेय, हे त्याला कळणारच. म्हणजे मशीन चाललं तर हे बोलणार आणि मला ऐकू येणार नाही, थांबलं तर मला ऐकू येणार आणि हे बोलणार नाहीत. घुम्या असला तरी बावळट नाही, हे मला एवढ्या वर्षांनी कळलं.

पाचव्या मंगळवारच्या आधी ह्यांच्या फोनवर निरोप आला आणि मी तो वाचला. वाचला म्हणजे वाचला, चोरी कसली त्यात. "मंगळवार, अकरा वाजता. विषय: पालकत्व."

पालकत्व? मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, तिथे तीन विषय असतात, पालकत्व, ताणतणाव आणि आयुष्यातले बदल. "मी बाबांना तिसऱ्यावर खूण करायला सांगितलं होतं. बोट चुकलं असेल, आई."

ज्या माणसानं भली मोठी बस दोन खांबांच्या मधून मागे घेतली आणि कधी ओरखडा येऊ दिला नाही, त्याचं बोट चुकत नाही. मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, कमावता. त्याचं कसलं पालकत्व आता? मी ह्यांना सरळ विचारलं. "हं," म्हणाले, आणि फोन पालथा ठेवला.

मग माझ्या डोक्यात जे भूत शिरलं ते शिरलंच. मुक्कामी गाड्या. आठवड्यातून दोनदा हे गाडी घेऊन शेवटच्या गावाला मुक्कामाला असायचे. वर्षानुवर्षं. तिथे कोणी असेल का? एखादं पोर? त्या पोराचं काय करायचं, हे त्या बाईला विचारत असतील? आठवडाभर मी उलट्या बाह्या जोडत होते आणि उसवत होते.

सहाव्या मंगळवारी मी युक्ती केली. कापड दाबायला एक जुनी लोखंडी इस्त्री असते माझ्याकडे, चांगली जड. ती मशीनच्या पायडलवर ठेवली. मोटार सुरू झाली, मशीन आपोआप धडधडायला लागलं, आणि मी अनवाणी जाऊन दाराला कान लावला. घाईत सुईखालची पँट काढायची राहिली. नंतर पाहिलं तर तिचा एक पाय तळाशी शिवून बंद झाला होता.

"एकतीस वर्षांची असती आता," हे म्हणत होते.

मी दाराची कडी घट्ट धरली. म्हणजे होती. पोरगी होती.

"मी मुक्कामाला होतो," हे म्हणाले. "मुलगी झाल्याचा निरोप मिळाला तेव्हा गाडी निघायचीच होती. पोहोचलो तोवर सगळं संपलेलं. हिनं भिंतीकडे तोंड केलं होतं."

भिंत पिवळी होती. दवाखान्याची. ती भिंत मला पाठ आहे.

ती माझीच पोरगी होती. एक दिवस जगली. तिसऱ्या दिवशी हे युनिफॉर्म चढवून ड्यूटीवर गेले, आणि त्या दिवशी मी मनात धरलं, की ह्या माणसाला काही नाही. ते दुःख मी एकटीनं घेतलं. एकतीस वर्षं ते माझं एकटीचं होतं, दुसऱ्या कुणाचा त्यावर हक्क नव्हता. आणि आता हे परक्या बाईपुढे त्यातला अर्धा वाटा मागत होते.

"येताना गाडीत मी तिचं नावसुद्धा ठरवलं होतं," हे म्हणाले. "हिला कधी सांगितलं नाही." आणि नाव सांगितलं. ते मशीनच्या आवाजात गेलं.

मी दार ढकललं. हे दचकले, कानातला इअरफोन काढला. फोनच्या स्क्रीनवर ती बाई होती. मी तिला मनात तरणीताठी, नटवी करून ठेवली होती. ही माझ्याच वयाची निघाली, ढगळ स्वेटर घातलेली, मागे दोरीवर मोजे वाळत असलेली. राग येण्यासारखं तिच्यात काहीच नव्हतं, आणि त्याचाही मला राग आला.

"काय नाव ठेवलं होतंत?" मी विचारलं.

ह्यांनी आधी स्क्रीनकडे पाहिलं. मी समोर उभी असताना आधी तिच्याकडे. बाईंनी आपला चेहरा स्क्रीनवरून घालवला, नुसती काळी चौकट राहिली.

"तुला सांगायची हिंमत झाली नाही," हे म्हणाले. "तू रडली नाहीस. मला वाटलं, मी तोंड उघडलं की काहीतरी फुटेल."

"तुम्ही तिसऱ्या दिवशी कामावर गेलात."

"घरात बसवत नव्हतं गं. झबली घडी करून ठेवली होतीस." मग बाहेरच्या खोलीकडे बघून म्हणाले, "मशीन चालू राहिलंय. बंद कर."

"राहू द्या. बंद झालं की तुम्ही गप्प बसता."

मी खाटेवर ह्यांच्या शेजारी बसले. ह्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं आणि नाव सांगितलं. मी परत सांगायला लावलं. मग मीही म्हणून पाहिलं. दोनच अक्षरं, पण मला नीट म्हणता येईना.

तुम्हाला मात्र ते मी सांगणार नाही. माझ्या पोरीचं नाव माझ्याआधी एका बाईला कळलं, तेवढं पुरे झालं.