गोजरच्या रांजणातलं शेवाळ

शेणवे गावच्या गोजरच्या रांजणात कधी शेवाळ धरलं नाही, आणि तेवढ्यावरून बाईच्या जिवावर बेतलं. हसू नका, खरंच बेतलं.

तिचा नवरा कोंडू उंबरमाळीला रेल्वेच्या रुळांवर कामाला होता. तिथलं पाण्याचं पिंप कायम झाकलेलं असे. "उजेड लागला का पाणी हिरवं व्हतं गो," तो घरी येऊन सांगायचा. पुढं तो तापानं गेला, पण ही शिकवण तिनं सोडली नाही. अंगणातला रांजण ती राखेनं नि काथ्यानं घासायची, वर घट्ट झाकण ठेवायची, भोवती काळं घोंगडं गुंडाळायची. गावाला वाटे, ऊन लागलं तरच पाणी शुद्ध. म्हणून बाकीचे रांजण उघडे, आणि चैत्र उजाडला की हिरवेगार! तिचं ऐकलं ते फक्त पलीकडच्या आळीतल्या सुंदरानं, नुकत्याच लग्न होऊन आलेल्या पोरीनं.

अडतीस सालच्या उन्हाळ्यात गावात जुलाब-वांत्या सुरू झाल्या. शेजारच्या पारूची लेक चिमी तीन दिवसांत गेली. पारूचं दुःख खरंच, पण दुःखाला बोट दाखवायला कुणीतरी लागतं ना! पाणवठ्यावर ती सगळ्यांदेखत म्हणाली, "आमचं पाणी सडतं नि हिचं नाय. घोंगड्याखाली काय लपवलंय हिनं? भुताळी हाय ती!" येत्या अवसेला भुतंखेतं उतरवणाऱ्या भगतानं येऊन रांजण बघायचा, पाणी नितळ निघालं तर ती भुताळीच, असं ठरलं. दोन वर्षांमागं अशाच एका बाईला भुताळी, म्हणजे चेटकीण, ठरवून गावानं झोडपलं होतं. ती वाचली नव्हती.

गोजरची पाचावर धारण बसली. तिनं घोंगडं काढलं, झाकण फेकलं, रांजण उन्हात ओढला. रोज सकाळी आत डोकावावं, तर पाणी नितळ! इतकी वर्षं घासलेला रांजण तो, हिरवा होतोय कशाला! अवस आठ दिवसांवर आली. "ये गो बाय, धर ना," ती शेवाळाला विनवायची. शेवटी गुरांच्या पाण्याच्या डोणीतलं मूठभर शेवाळ तिनं पदराआड आणून आत सोडलं. अवसेपर्यंत कडा हिरव्या झाल्या, तेव्हा ती ढसाढसा रडली.

भगत आला, मागं सारा गाव. त्यानं आत बोट फिरवलं. हिरवं निघालं.

"इथं काय नाय," तो म्हणाला. पारूचं तोंड उतरलं. गोजर तिथंच मटकन बसली. तेवढ्यात कुणीतरी बोललं, "त्या सुंदराच्या रांजणावरबी घोंगडं हाय."

इतके दिवस गोजरला फक्त आपलाच जीव दिसला होता. त्या पोरीला सांगायचं राहूनच गेलं! लोक तिकडं वळले. गोजर गप्प बसली असती तर सुटली असती. पण ती उठली, परसातून धावली, सगळ्यांआधी पोचली आणि सुंदराच्या रांजणाला पाठ लावून उभी राहिली.

"भगतबाबा, ह्ये घोंगडं मीच घालाया लावलं तिला," ती म्हणाली. "काय इचारायचं त्ये मला इचारा."